न दुखणारी गाठ

पहिला खडा पडला तेव्हा आमच्या मजल्यावर पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

माझे यजमान करी रोडजवळच्या एका गिरणीत विणकर होते. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नसे आणि आजही घेणार नाही. तेव्हा रीत म्हणून, आता सवय म्हणून. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो: हे, मी आणि सासूबाई. मूल नव्हतं. मी सातवीची फायनल परीक्षा पास होऊन आलेली सून, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी मी निम्मी बिघडलेली होते.

ह्यांच्या जबड्याखाली, उजव्या अंगाला, जेवायला बसलं की सूज यायची. पहिला घास तोंडात गेला की फुगवटा, आणि कळ अशी की ताट सरकवून उठावं. तासाभराने सूज आपोआप उतरायची. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. सासूबाईंनी ह्यांना सोलं चघळायला लावली. कोकमाची आंबट सोलं गालात धरायची, तोंडाला पाणी सुटू द्यायचं, म्हणजे आत जे काही अडकलंय ते वाहून बाहेर येईल. आठवडाभर हा उपचार चालला. एका रविवारी दुपारी जिभेखाली काही टोचतंय म्हणून ह्यांनी बोट घातलं, तर तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा हातात आला. सूज गेली ती गेलीच. सासूबाईंनी तो खडा काडेपेटीत कापसावर ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवत सुटल्या.

साचेखात्यातले लोक तर मुद्दाम बघायला आले. गिरणीत मागाला साचा म्हणत. धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी बसवली की तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. तो काढायची रीत अशी की भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा तोंडात येतो, त्याच्याबरोबर कापसाचं तूसही येतं. दिवसभर हेच. त्यामुळे सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की तूस लाळेच्या वाटेत साचलं आणि त्याचा खडा झाला. विणकराचं दुखणं, विणकरालाच होणार. त्यात थोडं मिरवणंही होतं.

एका पाळीतल्या माणसाचा धोटा दुसऱ्या पाळीतल्या माणसाच्या तोंडाला लागायचा, म्हणजे एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला. म्हणून ज्यांच्या हातचं पाणी आमच्यात चालत नव्हतं त्यांना साच्यावर उभं राहू द्यायचं नाही, असं आमच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ती माणसं रिंग खात्यात सूत काढत. मला तेव्हा त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी त्या काळी शहाणी होते असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

साचेखात्याचं आणखी एक सांगायला हवं. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मग माणसं आवाज न काढता ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. लग्नानंतर महिनाभरात ह्यांनी मला ती विद्या शिकवली, कारण दहा बाय बाराच्या खोलीत सासू असताना नवराबायकोने बोलायचं तरी कधी! सासूबाई मध्ये बसून सुपारी कातरत असायच्या आणि हे त्यांच्या डोक्यावरून मला म्हणायचे, ओठांनीच, "आज अंबाडा छान घातलायस." मी लाजून चुलीत फुंकर मारायची. सासूबाईंना वाटे, सून कामाची आहे. आमचा अख्खा संसार त्या दोन ओठांवर चालला होता म्हटलं तरी चालेल.

आणि शिट्टी. सकाळपाळी करून साडेतीनच्या सुमाराला हे घरी येत तेव्हा पहिल्या मजल्यावरूनच शिट्टी घालत. लांब, एकसुरी. म्हणजे चहाचं आधण ठेवा. चाळीतल्या बायका त्यावर घड्याळ लावत असं मला चिडवायच्या.

दुसरी गाठ मला सापडली. चळवळ ऐन भरात होती. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, ह्यावर नळावर भांडणं होत होती. हे रोज कुठल्या ना कुठल्या सभेला जाऊन घसा बसवून येत. एका रविवारी मी त्यांच्या डोक्याला तेल घालत होते, बोट डाव्या कानाच्या पाळीखाली गेलं, तिथे वाटाण्याएवढं काहीतरी कठीण लागलं.

"हे काय?"

"काय नाय गो. खडो आसतलो दुसरो," हे म्हणाले. घरात मोठ्याने बोलताना ते मालवणीच बोलत.

सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिलं. "दुखता काय रे?"

"नाय."

"मगे कित्याक भियातास दोघांय? सोलां चघळ."

दुखत नाही ह्याचा आम्हाला केवढा आनंद झाला होता! पहिल्या खड्याने ह्यांना रडवलं होतं, हा बिचारा गप्प बसलेला. काडेपेटीतला खडा पुन्हा बाहेर निघाला, पुन्हा सोलांची बरणी खाली आली. हे सोलं चघळत कामावर जात, सोलं चघळत मोर्चात जात. महिने गेले. खडा काही पडला नाही. वाटाण्याचा आवळा झाला, कानाची पाळी किंचित वर उचलल्यासारखी दिसू लागली. मी केस विंचरताना त्या बाजूचे केस थोडे पुढे ओढून द्यायची, म्हणजे दिसू नये. कुणाला दिसू नये, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

चळवळीमुळे ह्यांची एका माणसाशी दोस्ती झाली होती. तो त्याच गिरणीत रिंग खात्यात होता, राहायला नायगावला बीडीडी चाळीत, नुकतीच दीक्षा घेतलेला बौद्ध. दोघं मिळून मोर्चाची पत्रकं वाटत. सभेला जायचं असलं की तो ह्यांना बोलवायला यायचा आणि उंबरठ्याबाहेर उभा राहायचा. त्याच्यासाठी दाराच्या वरच्या फळीवर एक काचेचा पेला वेगळा ठेवलेला होता. चहा मीच द्यायची. पेला तो स्वतः विसळून जागेवर ठेवायचा, न सांगता. मला तो माणूस आवडायचा आणि तरीही पेला मी बदलला नाही.

एकदा हे आत शर्ट घालत होते, तेव्हा त्याने विचारलं, "वैनी, ह्याच्या कानाखाली ती गाठ कसली?"

"खडा आहे लाळेचा. मागे एक पडला होता."

"जेवताना फुगते काय?"

"नाही."

"दुखते?"

"नाही हो, मुळीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मग ती खड्याची नाय, वैनी. माझ्या मोठ्या भावाला इथंच झालेली. दुखली नाय म्हणून आमीपण गप बसलो. परळच्या डॉक्टरानं आमाला नंतर सांगितलं, फुगते-उतरते तिला भिऊ नका, जी मुकाट्यानं वाढते तिला भ्या." भावाचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे आणि तो निघाले. ते जिन्यात असतानाच सासूबाईंनी नाक मुरडलं. आणि मी बोलले. सासूबाई नव्हे, मी, फायनल पास झालेली. "जन्मात साच्यावर उभा राहिला नाही, त्याला थुंकीतलं काय कळणार!" मोठ्याने बोलले. जिन्यातल्या पावलांचे आवाज मध्येच थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी, बुधवार होता. मला पक्कं आठवतं, कारण मी बांगडे साफ करत होते आणि गुरुवारी आमच्यात मासळी शिजत नाही. सासूबाई मध्ये बसून सुपारी कातरत होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी विचारलं, "दाखवून येऊ का?"

मी बरोबर वाचलं होतं. त्यात काही चूक झाली नाही. मी हातातला बांगडा तसाच धरून ओठांनीच विचारलं, "दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग?" मी म्हणाले. आणि खांदे उडवले.

ते हसले. सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन कामावर गेले.

सुमारे पाच महिन्यांनी एका दुपारी शिट्टी आली नाही. जिन्यावर पावलं वाजली, हे दारात उभे राहिले, मी आधण ठेवलेलंच नव्हतं. "आज शिट्टी नाही ती?" मी विचारलं. म्हणाले, "व्हट सुके पडलेत." चहा दिला, तर तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळून सदऱ्यावर आला. त्यांनी बाहीने पुसला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीतून एक जुना, मोडका धोटा घेऊन आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. त्यांनी धोट्यात कांडी घातली, भोकाला ओठ लावले, श्वास ओढला. डावीकडून नुसती हवा शिरली. दोरा आत तसाच राहिला. पुन्हा केलं. पुन्हा. डाव्या ओठाला बोटांनी दाबून धरून केलं, तेव्हा कुठे दोऱ्याचं टोक बाहेर आलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो कपाळाच्या एकाच बाजूला पडलेल्या आठ्यांतून वाहत होता. दुसरी बाजू गुळगुळीत होती. मला त्या क्षणी कळलं, आणि मी सोलांची बरणी उचलून मोरीत रिकामी केली.

खात्यात शेजारच्या साच्यावरचा माणूस ह्यांचे ओठ वाचता वाचता गोंधळू लागला होता. घरीही ते काही बोलले की मला अर्धंच कळे. मी "काय?" म्हणून विचारी, ते पुन्हा बोलत, मी कळलं असं दाखवी. खोलीत आता सासूबाईंना ऐकू जाईल असंच बोलावं लागायचं, आणि तसं बोलण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नव्हतं.

परळच्या इस्पितळात डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी ह्यांना भुवया वर करायला सांगितल्या. मग डोळे घट्ट मिटायला. मग दात दाखवायला. मग म्हणाले, "शिट्टी वाजवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठांचा चंबू झालाच नाही. फू करून हवा गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "गाठ जेवताना फुगायची का? दुखायची?" तेच दोन प्रश्न, त्याच क्रमाने. मी नाही म्हणाले. मग त्यांनी हात धुतले, तोंडात बोट घालून गालाची आतली बाजू तपासली, आणि आम्हाला समजावून सांगितलं. खडा झाला होता तो जबड्याखालच्या लाळग्रंथीचा, तिची वाट जिभेखाली उघडते. कानाच्या पुढे आणि खाली असते ती ग्रंथी निराळी, सगळ्यांत मोठी. तिची लाळ गालाच्या आत, वरच्या दाढेसमोरच्या एका बारीक छिद्रातून येते. त्यांनी आपला हात उचलला, मनगट स्वतःच्या कानाखाली टेकवलं आणि पाच बोटं चेहऱ्यावर पसरली. "चेहरा हलवणारी नस अशी ह्या ग्रंथीच्या मधून जाते, बाई. कपाळाला, डोळ्याला, गालाला, ओठाला, मानेला. चांगली गाठ नसेला ढकलते, मारत नाही. ही नसेत शिरली आहे."

"म्हणजे कॅन्सर," मी म्हणाले.

"हो. गाठ काढायची तर नसही काढावी लागेल."

"आधी आलो असतो तर?"

त्यांनी माझ्याकडे न बघता कागदावर लिहिता लिहिता उत्तर दिलं. "ओठ चालत होते तोवर आला असतात, तर नस बहुधा सोडवून घेता आली असती. आणि पुढचीही आशा जास्त राहिली असती."

अजूनही माझी जीभ आपोआप वरच्या दाढेसमोर जाते आणि ते छिद्र चाचपते. बारीक पुळीएवढा उंचवटा आहे, प्रत्येकाला असतो.

ऑपरेशननंतर ह्यांचा अर्धा चेहरा खाली आला. डावा डोळा मिटेना, झोपताना त्यावर ओली पट्टी ठेवावी लागे. तोंडाच्या त्या कोपऱ्यातून लाळ सतत गळे. मग लाइट दिली, किरणांच्या त्या शेकाने गालाची कातडी काळी पडली. सासूबाई वॉर्डात यायच्या आणि खाटेच्या उजव्या बाजूला बसायच्या, म्हणजे मुलाचा चांगला गाल दिसेल. एवढ्यानेही त्यांचं भागेना. पदरात तोंड खुपसून "माजा काय चुकला गो" म्हणून मला विचारायच्या. मी त्यांना काय सांगणार होते? त्यांनी जे केलं ते अडाणीपणाने केलं. माझ्याकडे तीही सबब नव्हती.

नायगावचा तो माणूस पाळी सुटली की रोज यायचा. एकदा मी नळावरून परत आले तर तो ह्यांना चमच्याने दूध देत होता, चांगल्या बाजूने, थोडं थोडं. दूध आणि लाळ हनुवटीवर आली. त्याने खिशातून आपला रुमाल काढला, टिपलं, रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. सासूबाई बघत होत्या. मी वॉर्डाच्या दाराशी उभी राहिले आणि शरमेने मला आत जाववेना. त्याची माफी मागायची असं तेव्हाच ठरवलं. मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिले.

साच्यावर हे पुन्हा उभे राहू शकले नाहीत. वर्षभराने आजार छातीत उतरला. शेवटचे दोन महिने ते ओठांनी काही सांगू बघायचे आणि मी वाकून वाकून वाचायचा प्रयत्न करायची. काही शब्द मिळाले. पुष्कळसे निसटले.

ते गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र झाला. लालबागमध्ये गुढ्या, तोरणं, ढोल. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मी तोवर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायला लागले होते. हे असते तर त्यांनी पहिला पेढा कुणाला नेऊन दिला असता ते मला ठाऊक होतं. मी पुडा बांधून घेतला. सासूबाईंनी विचारलं, "खंय चल्लस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माजेय दोन घाल त्यात."

नायगावला त्याच्या बायकोने मला घरात पाटावर बसवलं आणि चहा दिला, घरातल्या सगळ्यांच्या कपांतलाच एक कप. तो समोर बसला होता. मी पेढे दिले आणि म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्याबद्दल वाईट बोलले होते. जिन्यात तुम्ही ऐकलं असणार."

"ऐकलं होतं, वैनी."

"मला माफ करा."

तो पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "त्यानंपण ऐकलं. जिन्यात मला म्हणाला, तिचं मनावर घेऊ नको, मला तू घेऊन चल. मग त्याच्यामाझ्यात ठरलं, गुरुवारी दोघांनी कामाचा खाडा करायचा नि इस्पितळात जायचं. म्हणाला, बुधवारी घरात विचारतो नि येतो. मी सकाळी लवकर जाऊन त्याचा केसपेपर काढला. गेटवर उभा होतो, बंद होईस्तोवर. तो आला नाय."

"मग?"

"शुक्रवारी गिरणीत भेटला. म्हणाला, राहू दे, पुढं बघू. मी लय भांडलो त्याच्याशी. तुमचं नाव नाय घेतलं त्यानं, वैनी. कधीच नाय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, "तुमाला म्हाईत नव्हतं होय?"

मी चहा संपवला. कप मी स्वतः विसळायला उठले, तर त्याच्या बायकोने हातातून घेतला.

त्या गुरुवारी त्यांना खाडा करायचा होता आणि ते कामावर गेले. साडेतीनला परत आले. पहिल्या मजल्यावरून ह्यांची शिट्टी आली, लांब आणि स्वच्छ, दोन्ही ओठ शाबूत असलेल्या माणसाची. मी ती ऐकली आणि चहाचं आधण ठेवलं.